भंगार गोदामातला माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारी बाई, भंगार गोदामाची थोरली मालकीण, सबंध रस्ता जिला वहिनी म्हणतो ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेलं नाही. मदतीलाही कोणी बसलेलं नाही. माझं मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मी त्यांना म्हटलं, "ठिकाणावर आहे, पण गोंधळलेलं आहे, तसं लिहा." त्या म्हणाल्या, "गोंधळलेलं चालतं, वहिनी. ठिकाणावर असलं म्हणजे झालं." दाखला सोबत आहे. छातीचा फोटोही जोडणार होते, पण वकील म्हणाले, मृत्युपत्राला घाईचं कारण द्यावं लागत नाही.

कलम १. माझ्या मालकीचं जे आहे ते असं: गोदामाच्या जागेतला अर्धा हिस्सा, त्याच्या मागच्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक, अंगावरचं थोडं सोनं, शिवणयंत्र, आणि हत्यारं.

गोदाम सासऱ्यांनी घेतलं आणि दोन्ही मुलांच्या नावावर अर्धं अर्धं केलं. थोरले माझे यजमान. ते झोपेतच गेले आणि त्यांचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला. दुसरा अर्धा माझ्या दिरांच्या नावावर आहे. मी त्यांना भाऊजी म्हणत आले, इथेही तसंच लिहीन. त्यांच्या हिश्श्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. पण तो मध्ये आणल्याशिवाय माझा हिस्सा लिहिताच येत नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही वेळा याच ठिकाणी अडले.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक मुलाला आणि सोनं सुनेला. मुलगा परगावी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. तो चांगला आहे, न चुकता फोन करतो. त्याच्याबद्दल माझी एकच तक्रार: कुठलीही वस्तू बघितली की ती विकली तर काय येईल हेच आधी त्याच्या डोक्यात येतं. हे त्याने माझ्याकडूनच उचललं, त्यामुळे रागावताही येत नाही. गोदामाबद्दल त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. ते पुढे येईल.

कलम ३. शिवणयंत्र नणंदेला. भाऊजी बेपत्ता झाले तेव्हा त्या भेटायला आल्या आणि घास चावता चावता म्हणाल्या, "दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल कुठेतरी." धाकटी जाऊ शेजारीच वाढत होती. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. तरी यंत्र चांगलं चालतं आणि त्यांच्या नातीला शिवण आवडतं, म्हणून देत आहे. त्यावर त्यांनी कापडच शिवावं, माणसांच्या गोष्टी नाहीत.

कलम ४. रस्त्याच्या टोकाचा हातगाडीवाला शीतपेयांचे डबे सपाट करून आणतो आणि वजन वाढावं म्हणून आत वाळू भरतो. त्याला मी काही देत नाही. माझ्या पश्चात त्याचा माल धाकटीनेच घ्यावा. मी त्याच्याकडून अनेकदा फसले आहे. ती एकदाही फसली नाही. डबा कानाशी नेऊन हलवते आणि काही न बोलता बाजूला टाकते. माल ओळखण्यात तिची चूक झालेली मी पाहिलेली नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

कलम ५. आता धाकटी. ही भाऊजींची बायको, माझी जाऊ. तिला मूलबाळ नाही. बाटल्यांच्या शेडवरच्या माळ्यावर राहते. गोदामात आमची वाटणी ठरलेली आहे: लोखंड, तांबं, पितळ माझ्याकडे; बाटल्या आणि डबे तिच्याकडे. माझ्या पितळेला तिने हात लावायचा नाही आणि तिच्या बाटल्या रंगांप्रमाणे मी लावायच्या नाहीत. तरी आम्ही रोज भांडतो. पंखा कुणाकडे तोंड करून ठेवायचा, चहात साखर किती, फाटक आधी कोण उघडणार. सख्ख्या बहिणी इतकं भांडत नसतील. सख्ख्या बहिणींना माहेरी तरी जाता येतं.

भाऊजी एका सकाळी मोटारसायकलवरून एका कारखान्यात तांब्याच्या तारेचा माल बघायला निघाले. धाकटीला म्हणाले, "जेवायला येतो, थांब." ते कारखान्यात पोचलेच नाहीत. यजमानांनी दवाखाने, नाले, स्टेशनं पालथी घातली. पोलिसांनी लिहून घेतलं आणि कळवतो म्हणाले. ना माणूस सापडला ना गाडी. त्या दिवशी धाकटी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाटल्या निवडायला बसली. तेव्हापासून ती भाऊजींबद्दल बोलते ते गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "हे आले की ती शेड बदलायला सांगते." बरीच वर्षं झाली, तरी तिचं बोलणं तेच.

यजमान गेल्यानंतरची गोष्ट. एका लिलावातला मिसळीचा माल घेऊन ट्रक आला. ढिगात एक मोटारसायकल होती, गंजलेली, पुढचं चाक नसलेली, नंबराची पाटीही नसलेली. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. भाऊजींनी आपल्या सायलेन्सरवर शीतपेयाचे लाल डबे कापून, सपाट करून, रिव्हेट मारून एक पत्रा बसवला होता. मागे बसताना धाकटीची पोटरी एकदा भाजली, म्हणून. या गाडीवर तसाच पत्रा होता. लाल रंग बराच उडाला होता, रिव्हेट मात्र जागच्या जागी. असा पत्रा दुसऱ्या कोणी बसवला असेल असं मला वाटत नाही. पण बसवला असूही शकेल. डबे सगळीकडे सारखेच मिळतात.

मी धाकटीला हाक मारली. ती आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून तो पत्रा बघितला आणि म्हणाली, "ही ह्यांची नाही."

"नीट बघ."

"बघितलं, ताई. नाही."

मी म्हटलं, "इंजिनावर नंबर असेल. तो उतरवून घेऊ, पोलिसांकडे देऊ. कळेल तरी."

मी पेन आणायला आत गेले. बाहेर घणाचा आवाज झाला. येऊन बघते तर तिने इंजिनाचं कवच फोडलं होतं, नंबर असतो नेमका त्याच जागी. एरवी आम्ही इंजिन पाना लावून खोलतो, फोडत नाही. मी ओरडले, "नंबर होता तिथे."

"अ‍ॅल्युमिनियम होतं," ती म्हणाली आणि तुकडे अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगात टाकले.

मग सबंध दिवस लावून तिने ती गाडी एकटीने सुटी केली. मला हात लावू दिला नाही. लोखंड एका बाजूला, कॉइलचं तांबं एका बाजूला, रबर वेगळं. इतक्या वर्षांत तिने माझ्या धातूंना हात लावला तो तेवढाच. सकाळी भट्टीवाला आला, त्याच्याशी नेहमीसारखी घासाघीस करून तिने माल देऊन टाकला. तो लाल पत्राही त्यातच गेला. ट्रकवाल्याला मी गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, तीन ठिकाणचा माल एकत्र केलेला. कुठलं काय, मला नाही सांगता येणार."

मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवलं आहे. तिने ओळखली नाही म्हणावं, तर वाळूचा डबा कानाने ओळखणारी बाई ती. ओळखली म्हणावं, तर मग फोडली का? भाऊजींवरच्या रागाने म्हणावं, तर त्याच आठवड्यात तिने त्यांचा स्वेटर ऊन द्यायला दोरीवर टाकला. भीतीने म्हणावं, तर भीती कशाची? कधी वाटतं, मीच चुकले, गाडी दुसऱ्याच कुणाची होती आणि धाकटीने सरळ कामाचं काम केलं. असं वाटलं की मला बरं वाटतं, आणि मग त्या रिव्हेट आठवतात.

कलम ६. माझी अडचण ही की कायद्याप्रमाणे बेपत्ता माणूस ठराविक वर्षांनी मेला असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. तसं झालं की भाऊजींचा हिस्सा धाकटीच्या नावावर होईल. त्याशिवाय तिच्या नावावर काहीच नाही. बसते ते स्टूलसुद्धा नाही. मी गेले, माझा हिस्सा मुलाला गेला आणि त्याने विकला, तर घेणारा उद्या तिला विचारेल, बाई, तुम्ही कोण?

मुलगा म्हणाला, "आई, काकूने एकदा अर्जावर सही केली की सगळंच सुटेल. तिला निम्मे मिळतील, कुठेतरी छान घर घेईल. ह्या वयात काचा काय निवडायच्या?" त्यात चुकीचं काही नाही. मी तसं धाकटीला सांगितलं.

ती म्हणाली, "सही करायची म्हणजे मीच त्यांना मारायचं."

"तू नाही. कोर्ट ठरवतं."

"मग कोर्टाने करावी सही."

वकिलांनी समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी तर भांडून समजावलं. ती अर्जाचा कागद घडी करून परत देते. चिडत नाही, त्याचाच मला राग येतो.

कलम ७. सबब मी असं ठरवलं आहे. गोदामातला माझा संपूर्ण अर्धा हिस्सा, मागच्या दोन्ही खोल्या, मोठा काटा, लोहचुंबक, कानशी, पत्र्याच्या कात्र्या आणि घण, हे सगळं मी धाकटीला देत आहे. तिच्या स्वतःच्या नावावर, कुणाची बायको म्हणून नाही. त्यासाठी तिला कुणालाही मेलेलं ठरवावं लागणार नाही. मुलाने यावर तक्रार करू नये. त्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण काकू तुला आवडते हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, मलाही माहीत नव्हतं.

काल हे कलम मी तिला वाचून दाखवलं. ती डबे पायाखाली सपाट करत होती, ऐकताना थांबली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "माझ्या नावावर कशाला? हे आले तर म्हणतील, हिने सगळं बळकावलं."

तेव्हा माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं निघून गेलं. मी विचारलं, "धाकटे, ती गाडी कुणाची होती?"

तिने एक डबा चेपला, दुसरा घेतला. "ह्यांचीच होती."

मला खाली बसावं लागलं.

"पण गाडी होती, ताई," ती म्हणाली. "हे काही तिच्यात नव्हते."

"मग नंबर का फोडलास?"

"नंबर लागला असता तर ती कुठे सापडली ते कळलं असतं. मग तिथे जावं लागलं असतं. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही ओढून नेलं असतं."

हे खरं आहे. मी नेलं असतं.

"आणि आपण तिथे गेलेलो असताना हे इथे आले असते तर? फाटक बंद बघून परत गेले असते."

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की डोक्यातला गुंता सुटेल. सुटला नाही. हिने आशा धरली आहे की केव्हाच सोडली आहे, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनही कळेना. कदाचित तिलाही कळत नसेल. तिने डबे गोणीत भरले, तोंड बांधलं आणि मला म्हणाली, "उठा, गार लादीवर बसू नका. छातीला बाधेल."

कलम ८. माझ्या पश्चात कोणीही, मुलानेही, नणंदेनेही, वकिलांनीही, धाकटीपुढे तो अर्ज ठेवू नये. तिला स्वतःहून वाटलं तर ती मागेल. तिचं वागणं मला समजलेलं नाही, पुढे कोणाला समजेल अशी खात्री नाही. समजलं नाही म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. भाऊजी खरोखर आले, तर त्यांना आधी जेवायला वाढावं आणि मग जाब विचारावा. माझ्या वतीनेही विचारावा, कारण मला ऐकायला मिळणार नाही.

व्यवस्थापक म्हणून मी वकिलांना नेमत आहे. धाकटीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. ती म्हणाली, "मग मी चहा टाकते." साखर तिने तिच्याच मनाने घातली.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून दिलं आहे.

सही: थोरली मालकीण, भंगार गोदाम

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
साक्षीदार दुसरा: कुलूपवाला, गोदामासमोरचं दुकान

ठिकाण: गोदामाची पुढची खोली. दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.

ता. क. वकिलांनी सोबतच्या मिळकतीच्या तक्त्यात विचारलं आहे की भाऊजींच्या नावाआधी श्री. लिहायचं की कै. तिथे जागा कोरी आहे. ती राहून गेलेली नाही, ठेवलेली आहे. नोंदणी कचेरीने ती भरू नये.