जाकीरचे वाक्य माझ्या खात्यावर

लिहून ठेवतो मी, पंजाबराव रामकृष्ण डिवरे, वय एकाहत्तर, धंदा साउंड सर्व्हिस व शेती, राहणार धामणखेड, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. माझी बुद्धी शाबूत आहे, यकृत नाही. दोन्हींचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करीत नाही. दबाव आणणारे होते, त्यांना घराबाहेर काढून लिहितो आहे.

१. राहते घर व नाल्याकाठची शेती मुलगा राजकुमार यास. तो माझ्यावर चिडलेला आहे, तरी मुलगा आहे. पत्नी कै. कोकिळा हिचे दागिने बीबी गावी दिलेली मुलगी मयुरी हिला.

२. माझा मोबाईल व फेसबुकचे खातेही मयुरीलाच. राजकुमार माझी राख सावडण्याआधी त्यावरची एक पोस्ट काढून टाकील, म्हणून त्याला मुद्दाम देत नाही. कारण लिहितो.

गावातल्या गोकुळची पोर करिष्मा काविळीने गेली. सायकल दुकानवाल्या जाकीरने फेसबुकवर लिहिले, "टाकी धुतली असती तर करिष्मा वाचली असती." गावची पाण्याची टाकी आमच्या पक्षाने बांधलेली, जाकीर विरोधी पक्षाचा. त्याच्याशी माझे हयातभर पटले नाही. त्याच्या सभेला मी भोंगा कधी भाड्यानेसुद्धा दिला नाही. आमच्याच पक्षाच्या शालिग्रामने तक्रार केली आणि अफवा पसरवतो म्हणून पोलिसांनी जाकीरला उचलले.

मला त्याचे म्हणणे पटले नव्हते. पोर त्याच पाण्याने गेली, हे तपासले कोणी? पण तपासण्याआधी लिहिणाराच आत गेला आणि गाव चिडीचूप झाले. गोकुळ तर पोरीचे नावही घेईना. याचा मला फार संताप आला. मी तेच वाक्य माझ्या खात्यावर टाकले आणि खाली लिहिले, "हे मला पटत नाही. पण हे बोलता आले पाहिजे."

मग माझ्यावरही गुन्हा. पक्षाने काढून टाकले. कोकिळेच्या तेरवीला पक्षातला एकही माणूस आला नाही. पत्रावळी मांडलेल्या तशाच राहिल्या. जाकीर तेव्हा जामिनावर सुटला होता. तो पंगतीत माझ्याशेजारी बसला.

"भाऊ, तुमाले पटलं नाही तं टाकलं काऊन?"

"पटलेलं तं कोणीबी टाकते बे."

त्यानंतर आम्ही हात धुईपर्यंत टाकीवरून भांडलो.

३. भोंगे, अॅम्प्लिफायर व माईक जाकीरला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत नेटवर काही लिहायचे नाही, अशी त्याच्या जामिनाची अट आहे. अटीत भोंग्याचा उल्लेख नाही, वकिलाला विचारून घेतले. परवानगी मात्र रीतसर काढावी.

४. पोस्ट काढा, केस मिटवू, असे शालिग्रामचे निरोप येतात. मी मेल्यावर माझी केस तशीही मिटेल. जाकीरची चालू राहील आणि त्याच्या बाजूने गावातले दुसरे कोणी उभे नाही. सबब मयुरीने पोस्टला हात लावू नये.

५. साक्षीला वकिलासोबत शालिग्रामला बोलावले होते. आला नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस आपणहून आला आणि सही कुठे करू, एवढेच त्याने विचारले.

स्थळ : धामणखेड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) पंजाबराव रामकृष्ण डिवरे

साक्षीदार :

(सही) शकील शेख हुसेन, वकील, राहणार देऊळघाट

(सही) गोकुळ सखाराम तायडे, राहणार धामणखेड, करिष्माचा बाप