न फोडलेलं पाकीट

प्रिय सांगी,

तुझं पत्र पोचलं. एकतीस पोरांतली पाचच शाळेत उरलीत, बाकीची आईबापांबरोबर डोंगरउतारावरच्या झूम शेतीच्या निंदणीला गेलीत, आणि महिनाअखेरीला तू बेलछऱ्याच्या शाळेला कुलूप लावून घरी येणार, हे सगळं कळलं. हे कुणाला सांगू नकोस, असंही तू लिहिलं होतंस. तेही कळलं, पण जरा उशिरा कळलं गं. त्याचंच सांगायचंय आणि जीभ रेटत नाहीये, म्हणून आधी घरचं लिहिते.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणून शेतावर यायचं टाळतात आणि पलीकडच्या गावात फुटबॉलची मॅच असली की त्याच गुडघ्याने अख्खी टेकडी चढतात. डुकरीण व्याली, सात पिल्लं झाली. तुझ्या शाळेचं मडकं चुलीपाशी आहे तिथंच आहे, आपल्याच नाही, प्रत्येक घरात. दोन्ही वेळा भात टाकायच्या आधी चर्चच्या नावाने एक मूठ तांदूळ त्यात पडतात, आणि त्यावर तुझी शाळा चालते. परवा मला ताप होता, तर बाबांनी रांधलं आणि मूठ काढायला विसरले. मग आधणातून अर्धाकच्चा भात उपसायला निघाले! मी अंथरुणातून ओरडले, अहो, देवाला कच्चा भात कशाला खायला घालताय, उद्या दोन मुठी टाका. तर म्हणतात कसे, पोरगी तिकडे आज जेवेल की उद्या? एवढं बोलून डोळ्यांत धूर गेल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

तू गेल्यापासून तुझी आई गावात कशी चालते ते तुला ठाऊक नाही. पाय जमिनीला लागत नाहीत बाईचे, असं लोक म्हणतात, आणि खोटं नाही म्हणत. रियांग लोकांच्या त्या वस्तीत आपलं चर्च नवी शाळा काढतंय, शिकवायला कोण जाईल, असं विचारलं तेव्हा कॉलेजात गेलेली भली भली पोरं आपापल्या बुटांकडे बघत बसली होती. आणि उठलं कोण, तर तू! जळू दिसली तर किंचाळणारी! मी बाजूच्या बाईचा हात इतका घट्ट धरला की तिच्या मनगटावर वळ उठले. तुझं पहिलं पत्र चर्चमध्ये वाचलं गेलं तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. भिंती झाल्या पण फळा नाही, म्हणून दारालाच काळा रंग दिला, आता शिकवायचं तर दार लावावं लागतं आणि दार लावलं की अंधार होतो. अख्खं चर्च खो खो हसलं. मी ओंजळीत तोंड घालून रडत होते.

तेव्हापासून दर महिन्याला तुझं पत्र प्रवचनाच्या आधी वाचलं जातं. पण त्या बाईचं, पी छुआनीचं, तोंड तुला माहीत आहेच. तिचा मुलगा ऐझॉलला सरकारी ऑफिसात चिकटला ना, म्हणून तिच्या लेखी बाकी सगळ्यांची पोरं वाया गेलेली. गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांसमोर म्हणाली, सांगीची आई पत्र आधी घरी फोडते, गोडगोड तेवढं ठेवते आणि कडू चुलीत घालते. इतकी चांगली शाळा स्वर्गात तरी असेल का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, पुढचं पत्र मी न फोडता देईन, मग तर झालं?

आता सांगते. त्या रविवारी जीपवाल्या झुआलाने गाडी चर्चच्या दारात उभी केली आणि तुझं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते डोक्याच्या वर धरून बायकांच्या बाकांमधून मिरवत नेलं. बघा गं बघा, अजून डिंक सुटलेला नाही! आणि वाचायला चर्चच्या वडील मंडळींतल्या उपा दारखुमांच्या हातात दिलं. उपांचं वाचन कसं असतं तुला ठाऊक आहे, तोंड पुढे पळतं आणि डोकं मागून चालत येतं. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आई, हे कुणालाही सांगू नकोस." लोक हसले, त्यांना वाटलं तुझी काहीतरी गंमत असेल. मग उपा वाचतच गेले, थांबेचनात. पोरं गेली. तू मोनिरामच्या शेतावर जाऊन त्याला अडाणी म्हणालीस, आणि त्याने आपल्या चारही लेकरांना बाजूला करून तुझ्या हातात खुरपं दिलं, म्हणाला, मास्तरीणबाई, ही जातात शाळेत, तुम्ही निंदा. तण जिंकलं तर वर्षभर खाऊ काय? गावाच्या मुठी मी वाया घालवल्या, असं तू लिहिलंस. मी आजारी आहे असं सांग, असं लिहिलंस. मी उठून ओरडायला हवं होतं. आणि शेवटची ओळही उपांनी तेवढ्याच खणखणीत आवाजात वाचली, "पी छुआनीला तर मुळीच कळू देऊ नकोस, वर्षभर चघळेल ती."

ढोलवाल्याचा हात ढोलावर तसाच राहिला. उपांचं डोकं तेव्हा कुठे मागून येऊन पोचलं, त्यांनी चष्मा काढला आणि बिचारे घामाघूम झाले. मी मान खाली घातली ती वर काढली नाही. पोरीने विश्वासाने आईला लिहिलं आणि आईने ते गावभर केलं, तेही एका टोमण्यापायी. प्रवचनाआधी बायकांनी उठून बोलायची आपल्यात रीत नाही, पण बाक करकरला आणि पी छुआनी उभी राहिली. म्हणाली, पोरगी खरं बोलते, फक्त हिशेबात चुकली, मी दोन वर्षं चघळलं असतं. पण मला सांगा, तण काय त्यांच्याच डोंगरावर उगवतं? वाऱ्याने कुणाचं घर पडलं तर घरटी एक माणूस धावतो की नाही आपल्यात? मग ही शाळा कुणाची? त्या बापाने एका पोरीच्या हातात खुरपं दिलं, आपल्या हातांना काय झालंय? आणि खाली बसता बसता म्हणाली, सांगीची आई एक ओळ निंदेल तोवर मी दोन निंदीन.

मग जे झालं ते बघून मी तुझ्यावर आणि या गावावर इतकी फुगले की ब्लाउजची बटणं तुटायची बाकी होती. प्रवचन राहिलं बाजूला, घराघरांतून नावं आली. मागे राहतील त्यांनी जाणाऱ्यांची शेतं निंदायची, असं तिथंच ठरलं. उपा दारखुमांनी एकच शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाले, न विचारता कुणाच्या शेतात शिरू नये, आधी झुआलाला पाठवा. मोनिरामने झुआलाला गुळाचा चहा पाजला म्हणे, आणि म्हणाला, या, पण शेत माझं आहे, मी सांगेन तसंच निंदायचं. सगळ्यांच्या शेतांतलं तण हटलं की दुसऱ्या दिवशी वस्तीतली सगळी पोरं शाळेत, असा शब्दही त्याने वस्तीच्या वतीने दिला. मोनिराम सांगेल तसंच निंदायचं, ही अट पी छुआनीला अजून कुणी सांगितलेली नाही, तेवढी छाती कुणाची? आणि तुला आत्ताच काही सांगू नये, अशी गळ मीच झुआलाकरवी मोनिरामला घातली होती.

हरले असं तू लिहिलंस, सांगी. मला त्या पत्रात हरलेली पोरगी कुठे दिसली नाही. पाच पोरं उरली तर पाचांना शिकवत राहिलीस, भांडायला गेलीस आणि समोरच्याचं खरं आहे हे कळल्यावर गप्प बसलीस. मला या वयातही ते जमत नाही. फळ्याचं पत्र ऐकून मला जेवढा अभिमान वाटला होता, त्याच्या दुप्पट या पत्राने वाटला. ते गावाने ऐकायला नको होतं, ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते.

आता हे पत्र कशाला, ते ऐक. आम्ही यायला निघालो नाही, आलोय. दोन दिवसांचा रस्ता, दोन जीप, वीस माणसं, प्रत्येकाचं खुरपं आणि आपापले तांदूळ. खाली ओढ्याच्या वळणावर थांबलोय. सगळे म्हणाले, तू पुढे हो, तू आई आहेस. पण ज्या हातांनी तुझं पाकीट मिरवलं ते हात घेऊन तुझ्यासमोर यायला मला धीर होईना. म्हणून जीपमध्ये मांडीवर कागद ठेवून हे लिहिलं आणि झुआलाच्या हाती वर धाडलं. शेतं तर आम्ही निंदूच, तो मोनिरामला दिलेला शब्द आहे. शाळा चालवायची की परत यायचं, ते तू ठरव; त्यावर कुणी चकार शब्द काढणार नाही, पी छुआनीकडून तसं वचन घेतलंय. माझ्यावर राग असेल तर झुआलाला तसं सांग, मी गाडीतच बसून राहीन. नसेल, तर बाहेर येऊन एकदा हाक मार. इथपर्यंत ऐकू येईल.

तुझीच, वळणावर थांबलेली,
आई