बाहेर बसणारा पेशंट

ती. दाजी यांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला, पण पोचला असं समजावं.) तुमची रक्तदाबाची गोळी, ताईचा गुडघा आणि भाच्याचं मोबाईलवरचं कॉलेज, तिन्ही सुरळीत चालू असतील अशी आशा आहे. बाबांच्या कपड्यांच्या पिशवीबरोबर हे पत्र पाठवतो आहे. ते तुमच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर, आम्हाला दारातसुद्धा कुणी उभं करत नाही, आणि बिलं करता करता वरच्या मजल्यापर्यंत जाऊ शकणारं आमचं माणूस एकटे तुम्ही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणता आणि मुद्दा आला की माझा आवाज दगा देतो. म्हणून जरा आडवाटेने येतो, सांभाळून घ्या.

दात कोरून पोट भरत नाही असं जुनी माणसं म्हणत. मी चांगली चौदा वर्षं लोकांचे दात कोरूनच पोट भरत होतो, घरातल्या चौघांचं, शिवाय बँकेचंही. मग ही साथ आली. सगळं जग सांगू लागलं तोंड बंद ठेवा, आणि माझा धंदा ‘आ करा’ म्हटल्याशिवाय सुरूच होत नाही! दवाखाना उघडायची परवानगी मिळाली, पण येणार कोण? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. माझी खरी कमाई दाखवायच्या दातांवर. पांढरे करून द्या, तारा बसवा, लग्न ठरलंय तेवढी फट बुजवा. आता नवरीच मास्क लावून उभी, फट बघतो कोण? राहिले खायचे दात, तर ते दुखले की लोक दुसऱ्या बाजूने जेवतात. एका गवंड्याने पक्कड लावून स्वतःची दाढ स्वतःच उपटली आणि मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘बघा जमलंय का.’ जमलं होतं हो. मुळासकट आली होती. हाताखालच्या बाईंना मी शेवटी हात जोडून घरी पाठवलं. त्या आता मास्क शिवतात आणि मलाच घाऊक भावात देतात. जाताना त्या रडल्या नाहीत, मीच रडलो, आणि त्यांनी सवयीने मला चूळ भरायचा कागदी पेला आणून दिला.

बाबांना हे बघवेना. सगळा जन्म ड्रिल मास्तरकीत गेलेला, मैदान रिकामं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यांचं म्हणणं असं की रिकाम्या दवाखान्यात कुणी पाऊल टाकत नाही, बाहेर एक जण बसलेला दिसला की दुसरा येतो. मग तो एक जण आपणच व्हायचं! रोज सकाळी दाढी करून यायचे आणि रस्त्यावरून काचेतून दिसतील असे बाकावर बसायचे, गालाला रुमाल लावून. (तोंडात स्वतःचा एक दात नाही आणि यांना दातदुखी.) दुपारी टोपी बदलायचे, की झाला नवा पेशंट. मी म्हटलं, बाबा, तुमचं वय काय, दिवस कसले, घरी बसा. तर म्हणाले, ‘तू आतलं बघ. बाहेरचं माझ्याकडे.’ कण्हायची तालीमसुद्धा करून आले होते. ती एवढी जोरात, की दारापर्यंत आलेली एक बाई आल्या पावली परत गेली. कण्हणं मी बंद करवलं. बसणं बंद करवलं नाही, कारण खरं सांगू का, काचेतून त्यांची पाठ दिसली की मलाच बरं वाटायचं.

आणि एक दिवस खरोखरचा पेशंट आला. ट्रक ड्रायव्हर, गाल सुजलेला, अधूनमधून खोकत होता. मी आत तो अंतराळवीराचा पोशाख चढवत होतो (त्यात शिरायला वेळ लागतो आणि शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते). तेवढ्यात त्याने बाबांना विचारलं, डॉक्टरचा हात कसा आहे? आता बापाला असं विचारल्यावर! बाबांनी मास्क उतरवला, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही रुमालावर ठेवून त्याच्यापुढे धरल्या. याच डॉक्टरने केल्यात, म्हणाले, अक्रोड फोडतो मी. मी बाहेर आलो तर दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, ड्रायव्हर हसता हसता खोकतोय, आणि बाबांनी बोळक्या तोंडाने मला खूण केली की गिऱ्हाईक पटलं. पोशाखाचा वेगळा खर्च ऐकून ड्रायव्हर म्हणाला, उद्या येतो. तो काही आला नाही. आठवडाभरात बाबांना ताप आला.

राग कुणावर काढू, दाजी? ड्रायव्हरचा येत नाही. बाबांचा येतो, आणि लगेच त्याची लाज वाटते. माझ्या गल्ल्यासाठी तो माणूस तिथे बसला होता.

असो. बाकी इकडे काळजीचं कारण नाही. पेशंट हळूहळू येऊ लागले आहेत.

तुमचा धाकटा मेहुणा
(दंतवैद्य, सध्या स्वतःचेच ओठ चावणारा)

ता. क. बिलाची चिंता नको. ताईने बांगड्या मोडायचा विषय काढला होता म्हणे, तिला म्हणावं गप्प बस. सोय झाली आहे. पेशंटची खुर्ची एका सलूनवाल्याला विकली. त्याने ती पायाने खालीवर करून पाहिली आणि एवढा खूश झाला, की दोन मिनिटं मलाही बरं वाटलं. तेव्हा पेशंट येऊ लागल्याचं वर लिहिलंय ते साफ खोटं आहे. पण ते तुमच्यासाठी नाहीच, बाबांना सांगायला आहे.

आणखी एक ता. क. ताईला नर्सने सांगितलं, की बाबा जागे झाले की एकच विचारतात, ‘बाहेर कुणी बसलंय का?’ नर्सला वाटतं नातेवाईकांचं विचारतात. ती बिचारी खरं ते सांगते, कुणी नाही हो आजोबा. की लगेच हे नळी काढून उठायला बघतात, म्हणतात मला जायला हवं. दोनदा धरून झोपवावं लागलं. दाजी, मी पाया पडतो, आजच्या आज वर जा आणि त्यांच्या कानात सांगा की बाक भरलाय, तुम्ही यायचं कारण नाही. मास्तर आहेत, थाप लगेच ओळखतात, म्हणून दहा-बारा सांगू नका. दोन सांगितलेत तर तिसरे म्हणून यायला निघतील. बाक तिघांचा आहे. तिघं बसलेत म्हणा.