तळहातावर ऐकलेला पिक्चर

तात्या,

काल टीव्हीवर एका रहस्यपटाची सुरुवात बघताना तुमची आठवण आली, असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, एरवी येत न्हाय व्हय? येते. पण काल जरा जास्तच आली, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

लासुर्ण्याच्या आपल्या पिठाच्या गिरणीत तुमचे कान कधी गेले ते कुणालाच नीट कळलं नाही, तुम्हालाही नाही. गिरणी चालू असली की बायका डबा पुढं सरकवून बोटांच्या खुणेनंच बारीक की जाड ते सांगायच्या. त्या घरघरीत सगळेच बहिरे. पट्टा थांबला की मग तुम्ही एकटेच बहिरे उरायचात. चहाच्या हॉटेलात कुणी काही बोललं की तुम्ही सगळ्यांच्या मागून हसायचात, कधी नको तिथं हसायचात. हळूहळू लोकांनी तुमच्याशी बोलणं सोडलं आणि तुम्ही हॉटेलात जाणं. आईसुद्धा वैतागून अर्धं वाक्य गिळायची. मी सातवीत होते, आणि घरातल्या घरात तुम्ही आमच्यापासून लांब चाललाय हे मला दिसत होतं.

पिक्चर तेवढा राहिला होता. वीज नसायची त्या वारी गिरणी बंद. मग आपण दोघं एसटीनं बारामतीला जायचो, दुपारच्या खेळाला. आई म्हणायची, "ऐकू येत न्हाय तर पिच्चर कशापायी?" तुम्ही खुनाबिनाचेच निवडायचात. "त्येच्यात सुरवातीला कुणी बोलतच न्हाय. तवर मी समद्यांच्या बरुबर असतो." पण एकदा पडद्यावरचा माणूस चालता चालता दचकून थांबला. सगळं थिएटर चिडीचूप. आणि तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, "का थांबला गं त्यो?" पुढच्या रांगेतली पोरं खिदळली, कुणीतरी तुमची नक्कल केली. तुम्ही अंधारात वाकून चपला शोधायला लागलात. "चल. बास झालं पिच्चर आता." त्या दिवशी उठलो असतो तर तुम्ही पुन्हा कधीच आला नसता, तुमचा स्वभाव मला माहीत होता. काही सुचेना, म्हणून तुमचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तळहातावर दोन बोटं चालवली. त्या माणसाच्या मागून बूट वाजत येत होते, ते तुम्हाला कळणार कसं? तुम्ही परत बसलात.

मग तीच आपली रीत झाली. पावलं लांब असली की बोटं हलकी, जवळ आली की जड. घड्याळ असलं की नखानं टिकटिक. व्हायोलिनचा तो चढत जाणारा सूर मी मनगटापासून कोपरापर्यंत बोट ओढत न्यायची. आणि सगळे आवाज थांबले की हात काढून घ्यायची. "तू हात काढलास की पोटात गोळाच येतोय बघ," तुम्ही म्हणायचात. पिक्चर काढणारे उगीच नाही अधूनमधून सगळं गप्प करून ठेवत.

मी मात्र भित्री, डोळे गच्च मिटून बसायची. काय दिसलं ते तुम्ही परतीच्या एसटीत सांगायचात, तेही अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "अगं, माणूस दावतच न्हाईत. निस्ता जिना. कॅमेरा डुलत डुलत एकेक पायरी चढतोय. मला वाटलं, आपण लांबनं बघतोय. तर न्हाय! खुनी आपणच हाय!" कंडक्टर मागं वळून म्हणाला, "खुन्यानं तिकीट काढलंय का पर?" गाडी हसली. मी खाणाखुणा करून तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की डोळे पुसायला लागले. दोघांत मिळून आपला एक पिक्चर व्हायचा.

तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. आता माझेही कान जायला लागलेत. मी टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते म्हणून मुलगी कावली होती. काल तिनं रिमोट घेऊन काहीतरी दाबलं, "आता सगळं खाली लिहून येईल, आई," म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. खरंच येत होतं. पावलं जवळ येतात. घड्याळाची टिकटिक. दार करकरतं. शांतता. एकही आवाज सुटला नाही. सोय चांगली आहे, पोरीचं काही चुकलं नाही. मी डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं, सगळं वाचलं, आणि मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

तुमच्या वेळी ही सोय असती तर किती बरं झालं असतं, असं लिहायला बसले होते. पण ते खरं नाही. बारामतीच्या त्या पडद्याखाली अशी अक्षरं येत असती, तर तुम्ही एकटेच गेला असता. हा कागद पोरीच्या हाती लागू नये म्हणून मी तो फाडणार आहे. तुमचे कान गेले म्हणून आई शेवटपर्यंत हळहळत होती, आणि तिच्यासमोर मीही मान हलवायची. मला, तात्या, तेवढं वाईट कधी वाटलंच नाही.