पहिला हात लताकाकूचा

नांदेड,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय लताकाकूस,

उर्वीचा नमस्कार. वाकता येत नाही म्हणून खुर्चीत बसूनच केलाय, चालवून घे. सातवा लागला. तब्येत बरी आहे, पाय तेवढे सुजतात, आणि कैरीचं लोणचं समोर आलं की मी वरदलासुद्धा ओळखत नाही. तो ऑफिसला गेलाय. रेणुकादासकाका माझ्यासमोर बसलेत. दाढ काढून आले, कापूस अजून तोंडात आहे, तरी सुपारी मागून राहिलेत. संध्याकाळी ते जळकोटच्या गाडीत बसतील तेव्हा हे पत्र त्यांच्या खिशात असेल.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता की! डोहाळजेवणाचा विषय काढला की तुझा कुकर होतो. कुकर उतरला की दारात कोणीतरी येतं. पत्र काही असं मध्येच ठेवता येणार नाही तुला.

तर निमंत्रण. येत्या रविवारी उमरीला, आईकडे. आईनं फुलांची वाडी सांगितलीय, झोपाळा शेजारच्या संगमेश्वरच्या घरून येणार आहे. तू आईला कळवलंस की शाळेत परीक्षा आहे. काकू, रविवारी?

दहावीच्या वर्षी मला तुझ्याकडे ठेवलं होतं, कारण उमरीत मी अभ्यास सोडून बाकी सगळं करायचे. जननाचा धडा तुझ्या आधीचे सर कसा शिकवायचे ते अख्ख्या शाळेला माहीत होतं. फुलाचा भाग फळ्यावर, माणसाचा भाग ‘घरी वाचून घ्या’. तू वर्गात जास्वंद घेऊन आलीस आणि ब्लेडनं उभी चिरलीस. हे पुंकेसर, हा स्त्रीकेसर, खाली अंडाशय, त्यात मोहरीहून बारीक बीजांडं. परागकण वर पडतो, त्याला नळी फुटते, ती बीजांडापर्यंत उतरते, तिथे दोघांचं मिलन, मग बीजांडाचं बी आणि अंडाशयाचं फळ. आम्ही वह्या मिटायला लागलो तर म्हणालीस, ‘बसा. फुलाचं झालं, आता आपलं. खाली बघायचं नाही, फळ्यावर बघायचं.’ मागच्या बाकावर हनुमंत खिदळला. ‘हसतोस काय रे, तू काय भेंडीच्या शेंगेतून आलास?’ मग कोणी हसलं नाही. शुक्राणू, अंडपेशी, गर्भाशय, पाळी, सगळं तू भाजीचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात सांगितलंस. आईकडून तेवीस गुणसूत्रं, बापाकडून तेवीस. मूल राहण्यात किंवा जाण्यात कोणाची नजर नसते, कोणाचा पायगुण नसतो, हे तर तू दोनदा म्हणालीस. दुसऱ्यांदा खिडकीबाहेर बघत.

आणि ते भोपळे आठवतात का? गल्लीतल्या कोणाच्या वेलाला भोपळा धरेना की सकाळी तुलाच बोलावणं यायचं. तू नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सारायचीस आणि मादी फुलात अलगद टेकवायचीस. बोराएवढा भोपळा असतो ना त्याच्याखाली, पराग नाही मिळाला तर पिवळा पडून गळणारा. तू टेकवलं की धरायचाच. तारामतीबाई सगळ्या गल्लीत सांगत फिरायची, ‘मास्तरीणबाईच्या हाताला लई गुण हाय.’ त्याच तारामतीबाईच्या सुनेची ओटी भरायची होती तेव्हा तुला म्हणाली, ‘बाई, तेवढं आतून पाणी आणता का?’ तू पाणी आणलंस. तू आत असतानाच सगळ्यांनी उरकून घेतलं, मूल नसलेल्या बाईचा हात ओटीला लागू नये म्हणून. मी पंधरा वर्षांची होते, मला राग येऊन रडू आलं, आणि तू घरी येऊन मलाच समजावत बसलीस.

आता जे लिहायचंय त्याच्याभोवती मी मघापासून घिरट्या घालतेय. काका पण पेपर उलटा धरून बसलेत.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला आम्ही जळकोटला आलो, तू तिळाच्या पोळ्या केल्यास, आणि त्याच आठवड्यात माझं पहिलं गेलं. तू धावत उमरीला आलीस. स्वयंपाकघरात होतीस, तेव्हा मनकर्णाआजी आईला म्हणाली, ‘तिच्या हातची तिळाची पोळी कशाला खाऊ घातली पोरीला?’ तू ते ऐकलंस, हे मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. दिवाळीला तू फराळाचं ताट माझ्याकडे लांबूनच सरकवलंस, ते पहिलं गेल्यापासून एकदाही जवळ घेतलं नाहीस. मला वाटलं, काकू माझ्यावर रागावली. यंदा मी दिवस राहिल्याचं कळवलं, तर तू फक्त ‘जप हो’ म्हणालीस.

काकांनी आज सांगितलं. डॉक्टरकडून येताना रिक्षात, गाल धरून. म्हणाले, ‘ती रोज देवापुढं उभी राहते अन् म्हणते, मी लांब राहते, पोरीचं नीट होऊ दे.’

काकू, मी रिक्षात हमसून रडले. रिक्षावाल्याला वाटलं, दाढ माझीच काढलीय.

ऐक. त्या वेळी जे गेलं ते डॉक्टरीणबाईंनी तपासणीला पाठवलं होतं. मी आणि वरदनं कोणाला सांगितलं नाही, आईनं उगाच खानदानं उकरली असती. एक गुणसूत्र जास्तीचं होतं. बीज तयार होताना वाटणी चुकते कधीकधी, असं त्या म्हणाल्या, यात खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. तू तीळ भाजायला घेतलेस त्याच्या कितीतरी आधीच ते ठरून गेलं होतं. सगळ्या वर्गाला शिकवलंस ते स्वतःला शिकवायचं कसं गं राहिलं? इतकी हुशार बाई तू, आणि पावणेदोन वर्षं हे उराशी धरून एकटी बसलीस. मला तुझा फार राग आलाय, आणि तू समोर असतीस तर आधी गळ्यात पडले असते.

दुपारी उमरीला फोन करून हे सगळं सांगून टाकलं. आई रडली. तेवढ्यात मनकर्णाआजीनं फोन ओढून घेतला. मग म्हणाली, ‘तुमचं त्ये तेवीस-बिवीस मला कळत न्हाई. पण ती पोळी म्या बी खाल्ली होती, लई मऊ होती. मी काय बोलले त्ये लताला कळलं व्हय गं?’ मी हो म्हणाले. तर म्हणाली, ‘मग मीच तिला हाताला धरून पाटापाशी नेते.’ तिला गुडघ्यांमुळे उठवत नाही हे वेगळं.

मला भीती वाटते, काकू. हे आईला सांगत नाही, ती माझ्याहून जास्त घाबरते. दुपारी बाळ थोडा वेळ हललं नाही तर मी पोटावर हात ठेवून श्वास धरून बसते. ओटी भरल्यानं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. न भरल्यानंही नाही. म्हणून तर सांगते, मला गुणाचा हात नको, मला तुझा हात हवाय. आपल्या धड्यात शेवटी एवढंच होतं, ‘पूर्ण वाढ झाल्यावर बाळाचा जन्म होतो.’ एक ओळ. त्या एका ओळीत मी आता उभी आहे आणि मला तिथे एकटीनं राहवत नाही.

रविवारी मी पाटावर बसेन, पदर पसरेन, आणि तू येईपर्यंत कोणालाही त्यात तांदळाचा दाणा टाकू देणार नाही. संध्याकाळ झाली तरी बसून राहीन.

वाट बघणारी, तुझीच
उर्वी