माझ्या जागी खुशबू

३ डिसेंबर, मंगळवार

कॉलेजच्या भिंतीला सरांनी बेसबॉल टीमचा कागद चिकटवला. मैदानात नऊ जणी, पिचर म्हणून माझं नाव सगळ्यात वर. बॅटिंगच्या रकान्यात आठ जणी त्याच, नववी खुशबू. मी न्हाईच. डीएच. म्हंजे पिचरनं नुसता बॉल फेकायचा, तिच्या जागी बॅट दुसरीनं धरायची. अकरा महिने झाले, असंच चालूय.

नियमात लिहिलंय की असं "करता येतं". करावंच असं कुठं लिहिलंय?

विचारलंच शेवटी. सर म्हणले, "स्वयंपाक करणारीनं वाढायला बी यायचं का? तू फेक."

आमच्या घरी तर करणारीच वाढती अन् भांडे पण तीच घासती. हे वाटूरला घरी येईपर्यंत एस.टी.त एकटीच पुटपुटत आले, शेजारची बाई सरकून बसली.

५ डिसेंबर, गुरुवार

मागच्या जानेवारीत बॅटिंग करताना मनगटावर बॉल लागल्ता. तीन आठवडे फेकता आलं न्हाई अन् जिल्हा स्पर्धेत आम्ही पहिल्याच मॅचला बाहेर. तेव्हापासून बॅटला हात लावायचा न्हाई. सरांनी पप्पांना शाळेत फोन करून सांगितलं. पप्पा स्वतः मास्तर, त्यांना दुसऱ्या मास्तरचा शब्द म्हंजे संपलं.

बादली उचलू देत न्हाईत. गॅसची टाकी सरकवू देत न्हाईत. उठता-बसता एकच, "सुजाता, हात!" परवा विहारात कुणीतरी विचारलं, पोरगी कशी आहे? पप्पा म्हणले, हात बरा आहे.

माझा हात सोडून बाकीची मी कुठं राहते, कुणाला पत्ता न्हाई.

८ डिसेंबर, रविवार

पप्पा परतूरला मीटिंगला. आईनं पाठीमागच्या झाडाखाली गळलेल्या मोसंब्या टोपलीत भरल्या अन् म्हणली, "चल, घे दांडकं."

मी चोरून मारते हे तिला कसं कळलं? म्हणली, "कपडे वाळू घालायच्या काठीला मोसंबीचा वास काहून येतो, मला कळत न्हाई का?"

ती खालून हातानं फेकते, भलतीकडंच जातंय. पण बत्तीस मारल्या. एक बरोब्बर शेजारच्या पत्र्यावर. शेजारीण बाहेर आली तर आई म्हणली, माकडं आहेत. दोघी हसून हसून मेलो.

लई बरं वाटलं. मंग लगेच वाईट. कॉलेजचं हे तिसरं, शेवटचं वर्ष. ह्या महिन्यातली स्पर्धा झाली की संपलं, लग्न न्हाईतर पोलीस भरती, पुढं बेसबॉल कोण खेळू देतंय. मोसंब्या मारूनच संपणार का मी?

१२ डिसेंबर, गुरुवार

खुशबूवर राग काढावा म्हणलं तर ती डबा उघडते. आज मूग डाळीची कचोरी. "तू खा, तुला फेकायचंय."

जुन्या जालन्यात त्यांचं कपड्याचं दुकान. पोरगी मारते अशी की बॉल शोधायला दोघी पाठवाव्या लागतात. पण डावा गुडघा कामातून गेलेला, वाकता येत न्हाई, मैदानात उभं करून उपयोग न्हाई. डीएच हीच तिची एक जागा. मी बॅट घेतली की ती बाकावर.

अन् बाकावर बसली की घरी. तिच्या पप्पांनी साफ सांगितलंय, "खेलती है तो जा. बैठना ही है तो दुकान में बैठ." दुकानात बसली की महिन्याभरात लग्नासाठी पाहुणे बोलवायला सुरू करतील, हे तीच सांगते, हसत हसत. उरलेली कचोरी मी डब्यात परत ठेवली.

असं आहे सगळं. सरांशी भांडावं तर खुशबू मरते. गप बसावं तर मी.

१५ डिसेंबर, रविवार

नियमांच्या झेरॉक्स टीमच्या बॅगमधून घरी आणल्या. सगळ्या वाचल्या. कुठं फट सापडते का बघत होते.

सापडली. डीएच मॅच चालू असताना मैदानात फिल्डिंगला उतरली, की डीएच संपला. त्यापुढं पिचरनं स्वतः बॅटिंग करायची, जी बाहेर गेली तिच्या नंबरवर. लाल पेनानं खूण केली. दोनदा.

पण सर खुशबूला मैदानात कशाला उतरवतील? येडे थोडीच आहेत. झेरॉक्स परत बॅगमधी ठेवून दिल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

जिंकलो. सेमीफायनल. पण कसं ते लिहिते.

पाचव्या इनिंगला पहिल्या बेसवरच्या पूजाचं बोट दुखावलं. बाकावर आरती तयार, ग्लोव्ह घालून उभी. सरांची जुनी सवय, बदली खेळाडू शेवटपर्यंत वापरायची न्हाई, उगं वाया जाती म्हणून. दहीहंडीला वरचा माणूस राखून ठेवावा तसं. म्हणले, "खुशबू खेळतेच आहे की. खुशबू, जा तू पहिल्या बेसवर."

मी मधोमध उभी, बॉल हातात. मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता, "सर, आरतीला पाठवा." खुशबू लंगडत पहिल्या बेसकडं चालत होती अन् मी बॉलवरची माती पुसत होते.

न्हाई बोलले.

सहाव्या इनिंगला साधा घसरत आलेला बॉल तिच्या पायातून गेला. वाकताच आलं न्हाई तिला. त्यांचा एक रन झाला. पायरीवरची पोरं खिदळली. तिनं माझ्याकडं बघितलं, सॉरी म्हणली. मला!

शेवटची इनिंग. एक रननं मागं, दोन आउट, दोघी बेसवर. पूजाचा नंबर आला, अंपायर म्हणले पिचर येणार. सर कागद घेऊन धावले, "डीएच आहे माझा!" अंपायरनी नियम दाखवला. सर वळून माझ्याकडं बघत राह्यले. मी कुणाचं तरी हेल्मेट डोक्यावर घातलं, ढिलं होतं.

पहिला बॉल, हवेत बॅट. दुसरा सोडला. तिसरा मोसंबीसारखा मोठा दिसला. खोटं न्हाई, खरंच तेवढा दिसला. त्यांच्या दुसऱ्या बेसवरच्या पोरीच्या डोक्यावरून गेला अन् आमच्या दोघीही होमला पोचल्या, दोन रन.

उचलून घेतलं मला सगळ्यांनी. आयुष्यात एवढा आनंद झाला न्हाई कधी. वरून दिसत होतं, खुशबू बाकावर बसलेली, ग्लोव्ह अजून हातात.

२१ डिसेंबर, शनिवार

सरांनी बोलावलं. सुतासारखे सरळ झालेत. म्हणले, "चुकलंच माझं. वर्षभर तुला उगं बांधून ठेवलं. उद्या फायनल. डीएच ठेवायचा का तू मारायची, तूच ठरव. कागदावर ती जागा मोकळी सोडतो."

"मंग खुशबू?"

"काल बघितलं ना. मैदानात चालत न्हाई ती. तू मारणार असशील तर ती बाकावर."

जाताना म्हणले, "तो नियम तुला माहीत व्हता का गं?"

"न्हाई सर."

"बरं झालं. कुणालाच माहीत नव्हता."

बाहेर खुशबू उभी. हातात झेरॉक्स. "ये लाल पेन तेरा है ना?"

हो म्हणले. दुसरं काय म्हणणार.

"एकदा बोलायचं ना, आरतीला पाठवा. सबके सामने पैरों में से गया, सुजाता." भांडली असती, दोन दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. न्हाई. म्हणली, "उद्या पापा येणार आहेत. पहिल्यांदा. दुकान बंद ठेवून." अन् डबा दिला. मी खात न्हाई बघून मात्र चिडली, "खाने से क्या दुश्मनी है?"

घरी आईला सगळं सांगितलं, लाल पेनासकट. तांदूळ निवडत ऐकत होती. काय करू विचारलं, तर म्हणली, "मोसंब्या मी फेकल्या, म्हंजे हे बी मीच सांगायचं का?" मंग तांदळातला खडा फेकून म्हणली, "तुला मारायचंय. ते मला माहीत हाय. तू मला विचारून राह्यली ते दुसरंच."

वर्षभर वाटायचं, सरांनी कोंडलंय. आता दार उघडं आहे अन् दारात खुशबू उभी आहे. ह्यापेक्षा सर होते ते बरे होते.

२२ डिसेंबर, रविवार. मैदान, सकाळी आठ दहा

कागद मांडीवर. आठ नावं सरांनी लिहिलीत. नववी जागा कोरी. साडेआठला अंपायरला द्यायचा.

खुशबूचे पप्पा आलेत. पांढरे कपडे, पायरीवर रुमाल अंथरून बसलेत. माझे पप्पा शेजारी. दोघांचं बराबर जमलंय, पप्पा त्यांना माझ्या हाताबद्दल सांगत असणार. येताना त्यांनी मलाच विचारलं, "बेटा, हमारी खुशबू कितने नंबर पर आएगी?" मी म्हणले, कागद अजून व्हायचाय काका.

सामनेवाल्यांची पिचर सरावाला फेकून राह्यली. सरळ येतो तिचा बॉल, छातीएवढा. मी मारू शकते. बिलकुल मारू शकते. हे का दिसतंय मला?

सर लांबूनच बोटं दाखवतायत. दहा मिनिटं.

पेन टेकवलं होतं. खुशबूचा "खु" काढायचा का माझा "सु", तेवढ्यात ती स्वतःच आली. हेल्मेट घातलेलं नव्हतं. बॅट माझ्या मांडीवर ठेवली. "ये हल्का वाला है. तुला हाच लागतो." अन् माझ्याकडं न बघता बाकाकडं गेली, पाय ओढत. तिचे पप्पा रुमालावरून उठून बघायलेत.

बॅट कागदावर आहे, कोरी जागा तिच्याखाली झाकली गेली. ती सरकवायला दांडा धरला तर पायरीवरून पप्पा ओरडले, "सुजाता, हात!"

धरूनच बसलेय. सर येऊन राह्यलेत.