आत्याने ठेवलेलं नाव

२८ नोव्हेंबर
पोचले एकदाची! नाशिक रोडला उतरले तर आमच्या दिग्दर्शकाने, रोहितने पाठवलेली गाडी भुतांच्या विगांनी भरलेली. निफाडपर्यंत ते केस मांडीवर घेऊन बसले. सिनेमाची लेखिका म्हणून हे माझं पहिलं काम, तेही भयपट. आईला ‘कौटुंबिक आहे’ एवढंच सांगितलंय.
शूटिंगचं घर म्हणजे भूतबंगला असेल असं वाटलं होतं. निघाला गुलाबी रंगाचा नवा कोरा बंगला, गच्चीवर सोलर आणि चहूकडे द्राक्षबाग. मालक ज्ञानेश, त्यांची बायको छायाताई आणि ज्ञानेशची आई आक्काबाई, एवढीच माणसं. छायाताई माझ्याच वयाच्या असतील. मला त्यांच्याच माडीवर खोली दिली आहे. थंडी मात्र अशी, की लिहिताना पेन निसटतंय. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन मगच जरा जिवात जीव आला.

३० नोव्हेंबर
रोहितला माझी पटकथा आवडली, पण आईचे संवाद आवडले नाहीत. दिग्दर्शक तो आहे, त्याला बोलायचा हक्क आहे, तरी फार लागलं. म्हणाला, हे चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखं वाटतं. लोक भुताला घाबरत नाहीत, मूल गेलेल्या आईला घाबरतात, कारण तिला काय म्हणायचं हे कुणालाच कळत नाही. खरं आहे त्याचं. माझं लग्न नाही, मूल नाही. दुःख सगळं ऐकीव.
दुपारी अडगळीच्या खोलीत कांद्याच्या गोण्यांमागे पाळणा सापडला. सागवानी, पितळी कड्यांचा. रोहित नाचायचाच बाकी होता. आक्काबाई म्हणाल्या, “रिकामा पाळणा हलवू नका बाई, चांगलं नसतं ते.” मी हात जोडून हो म्हटलं आणि त्या वळताच कॅमेऱ्यासाठी झोका देऊन पाहिला.

२ डिसेंबर
आज बागेत घडांना कागद बांधता बांधता छायाताई बोलल्या. पाळणा त्यांच्या माहेरचा, लासलगावहून आलेला. तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेली. नणंद नाव ठेवायला निघालेली, ती वाटेतच होती. त्यामुळे मुलीला नावच मिळालं नाही. सगळे ‘ती’ म्हणतात.
छायाताईंनी मात्र एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला कानात सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.
मग खोलीत येऊन बारशाचा प्रसंग लिहून काढला. सिनेमातली आई मूल गेल्यावरही बारसं करते, पाळण्यात नुसता वरवंटा ठेवून. मुलीचं नाव छायाताईंनी कानात सांगितलेलंच घातलं. दुसरं कुठलंही खोटं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, प्रसंग झकास उतरला होता ना!

५ डिसेंबर
आत्याचं काम करणारी नटी लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरांमध्ये अडकली. रोहितने मलाच साडी नेसवून उभं केलं. कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात, बायका भोवती. मी वाकून त्याच्या कानाशी म्हणजे दगडाशी नाव सांगितलं. बायकांनी कुर्रर्र करून रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. रोहितला पुन्हा हवं होतं, मग पुन्हा. प्रत्येक वेळी तेच नाव.
शेवटी वरवंटा उचलला तर कोमट लागला. लाइटमुळे असेल. पण कुंची आतून ओली होती.
वळले तर स्पीकरशेजारी छायाताई उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “जेवल्या का तुम्ही?” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ डिसेंबर
साउंडवाल्या नवनाथने हेडफोन माझ्या कानाला लावला. परवाच्या बारशाच्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या आवाजाखाली तान्हं बाळ रडतंय. आसपास तान्हं बाळ कुणाचंच नाही.
दुपारी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी फवारणीच्या औषधाच्या सांडलेल्या पांढऱ्या भुकटीत हात उमटलेले. रांगणाऱ्या मुलाचे. माझ्या दाराकडे येणारे.

८ डिसेंबर
आज पावलं. चालायला लागली आहे.
छायाताईंनी ती पावलं पाहिली. पाळण्याशी मांडी घालून बसल्या होत्या, पदर पसरून. मला म्हणाल्या, “माझ्याकडं येत नाय ती. तिला नाव तुम्ही दिलं, तिला तुम्हीच ठाऊक. तुम्ही सांगा ना तिला.” मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मलाच उठवलं.
सांगायला हवं होतं. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी माझी ओढणी खेचली — आणि मी पळाले. निरोप न घेता. ‘येते’सुद्धा म्हटलं नाही.

९ डिसेंबर. नाशिक, सीबीएस बसस्टँडजवळचं लॉज
एकटी आले. म्हणजे असं वाटलं होतं. बादलीशी पाण्यात खेळल्याचा आवाज. मग स्पष्ट — ‘आत्या.’
छायाताईंचा फोन आला. घर एकदम गप्प झालंय, ती तुमच्यासंगं हाय का? मी नाही म्हटलं.
नाही म्हटलं मी! त्या आईला!

१० डिसेंबर
आता तीन वर्षांची दिसते. छायाताईंचीच हनुवटी. हात गार. मांडीवर बसते, मी लिहिते ते बघते.
सकाळच्या गाडीने निफाडला परत न्यायचं ठरवलं होतं. गेले नाही. तिने गळ्यात हात टाकले आणि मला — लिहायला लाज वाटते — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

११ डिसेंबर
भर दुपार. दारावर थाप.
छायाताई. लॉजचा पत्ता रोहितने दिला असणार. दाराखालच्या फटीतून कुंचीची झालर दिसते. धुऊन आणली आहे.
त्या हाक मारतायत. नाव घेऊन. तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने, आईच्या तोंडून —
ही ऐकते. ओळखत नाही. आवाज चांगला आहे म्हणाली.
उठायला हवं. कडी हाताच्या अंतरावर —
ती माझ्याकडे बघते. विचारते, बाहेर कोण आहे आत्या?
सांगते. आई आहे तुझी, एवढंच तर —
मी म्हटलं, कोणी ना—